बिनव्याजी पन्नास दिवस

परतूर
२५ सप्टेंबर २००५, रविवार

चि. देवानंद,

बेबीताईचा सप्रेम जयभीम.

पाकिटावरचा पत्ता बघून तू दचकला असशील. वाकडेवाडीची खोली सोडल्याचं तू आम्हाला कळवलं नव्हतंस, फोनही लागत नाही. हडपसरचा हा पत्ता मला कुणी दिला ते सांगते, पण आधी घरचं सांगू दे.

घरी सगळं बरं आहे. पाऊस उशिरा का होईना, लागला. नळाला दिवसाआड पाणी येतं. तुझ्या दाजींची ड्यूटी पुन्हा परतूर-जालना गाडीवर लागली, त्यामुळे संध्याकाळी घरी असतात आणि दिवसभरात सुट्ट्या पैशांवरून झालेली सगळी भांडणं आम्हाला जेवताना ऐकवतात. मला यंदा तिसरीचा वर्ग दिलाय. पोरं गुणी आहेत, फक्त भागाकार आला की सगळ्यांना एकदम तहान लागते.

माय वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. वॉकरला ती 'घोडा' म्हणते. सकाळी उठली की, "बेबे, माहा घोडा आण." डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत काठीवर येईल.

जुलैत तुला फोनवर घाईघाईत एवढंच सांगितलं होतं की माय हौदापाशी घसरून पडली आणि ऑपरेशन करायचंय. नीट सगळं सांगायचं राहूनच गेलं. आज सांगते, कारण त्यात तुझा वाटा आहे आणि तो तुला माहीत नाही.

परतूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, जालन्याला न्या. दाजींनी जीप केली. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. घरात होतं नव्हतं ते सगळं अनामत म्हणून भरलं. मंग चिठ्ठी हातात आली. आत टाकायचा रॉड, स्क्रू, इंजेक्शनं, सगळं समोरच्या मेडिकलमधून आणायचं. बावीस हजार. आमचा पगार महिन्याच्या वीस-बावीस तारखेशिवाय होत नाही, तुला माहीतच आहे. शिक्षकांच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज दिला तरी महिना जातो. मायच्या पोस्टातल्या पैशांचं मी नाव काढलं, तर पाय मोडलेल्या अवस्थेत ती माझ्यावर ओरडली. "मी लंगडी राहीन, पण त्या पुस्तकाला हात लावायचा न्हाई. ते माह्या देवाच्या लग्नाचे हायेत."

दाजी म्हणाले, मोंढ्यातल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून आणतो, महिना पाच टक्क्यांनी देईल. पायात चप्पल घालून ते निघालेसुद्धा होते. तेव्हा मला पर्समधलं क्रेडिट कार्ड आठवलं.

ते कार्ड मी कसं घेतलं ते आठवतं का तुला? तू नुकताच कार्डाच्या कंपनीत लागला होतास. फोन केलास आणि म्हणालास, "ताई, टारगेट आहे, एक कार्ड घे ना." मी म्हटलं, मला उधारीची भीती वाटते. दुसरा कोणी असता तर गोड बोलून गळ्यात मारलं असतं. तू मला अर्धा तास शिकवणी दिलीस. माझ्या शाळेतल्या बाईंनी दुसरं एक कार्ड घेतलं होतं, त्यावर सुटकेस फुकट मिळत होती. मलाही तेच हवं होतं. तू म्हणालास, "ताई, त्या सुटकेसची किंमत वर्षाच्या फीमधून दरवर्षी वसूल करतेत. तू बिनफीचं घे. आणि बिल कोणत्या तारखेला निघतं ते बघून घे. भरायची तारीख पगाराच्या नंतर आली पाहिजे."

आणि पन्नास दिवसांचं गौडबंगाल तूच उलगडून सांगितलंस. पन्नास दिवस व्याज नाही असं मोठ्या अक्षरात छापतात, पण बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तरच ते पन्नास. बिलाच्या आदल्या दिवशी केली तर वीसच उरतात. मी तुला विचारलं, मंग बँकेला ह्यात मिळतं काय? तू हसलास. "जे पूर्ण भरत न्हाईत त्यांच्याकडून मिळतं, ताई. तू त्यांच्यातली होऊ नको म्हणजे झालं."

तर ते कार्ड घेऊन मी मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराकडे मशीन होतं, पण तो नाखूश होता. "मॅडम, मशीनला फोनची लाइन लागायला टाइम लागतो. त्यापेक्षा ह्याच कार्डावर समोरच्या एटीएममधून नगद काढा ना. नगदीला मी चार पैसे कमी करतो." त्या घडीला ते किती सोपं वाटलं असेल बघ. पण तुझा आवाज कानात होता. ताई, ह्या कार्डावर नगद कधीच काढायची न्हाई, नगदीला एक दिवसही माफ नसतो, पहिल्या दिवसापासून व्याज. मी म्हटलं, भाऊ, तुमचं मशीनच चालवा. त्यानं तीनदा घासलं. तिसऱ्यांदा कागद बाहेर आला. मी सही केली, तर तो कार्डामागची सही आणि ही सही बराच वेळ ताडून बघत बसला.

ऑपरेशन नऊ जुलैला झालं. माझं बिल पाच तारखेला निघतं. म्हणजे हा खर्च ऑगस्टच्या बिलात आला आणि भरायला पंचवीस ऑगस्टपर्यंत वेळ मिळाला. बिल आलं तेव्हा त्यावर ठळक छापलं होतं, किमान रक्कम अकराशे. दाजी खूश. "बराबर आहे की! अकराशेच मागून राह्यलेत, तर अकराशेच भरू. बाकीचं सावकाश." मी म्हटलं, देवानं सांगितलंय, तो आकडा वाचायचाच नाही. अकराशे भरले की उरलेल्यावर व्याज लागतं आणि पुढच्या महिन्यात काही नवं घेतलं तर त्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तोवर पतपेढीचं कर्ज मंजूर झालं होतं. पूर्ण रकमेचा चेक लिहिला आणि वटायला वेळ लागतो म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी दाजींच्या हातून जालन्याला बँकेच्या चेकपेटीत टाकला. पतपेढीचे हप्ते आता पगारातून कापले जातात, त्याचा काही जाच नाही.

बँकेला एक पैसा व्याज न देता मायचं हाड जुळलं, देवा. ते तुझ्या त्या अर्ध्या तासामुळे. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं.

कळवलं नाही, कारण मी रागावले होते. तू ऑपरेशनला आला नाहीस. ट्रेनिंग आहे म्हणालास. माय शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा दाराकडे बघितलं तिनं. मी म्हटलं, देवा येतोय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनंच मला सांगितलं, "बेबे, त्याला कामाचा लोड असन, तू नको बोलू त्याला." मला एवढा संताप आला होता तुझा की फोन हातात घेऊन मी परत ठेवायची. मग तू फोन करणं कमी केलंस, मग नंबर बंद झाला, आणि मी मनात म्हटलं, पुण्याचा झाला आता, राहू दे.

आता पत्त्याचं सांगते.

मागच्या रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे पिळत होते. दाजी ड्यूटीवर. माय पुढच्या खोलीत बाजेवर. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मायचं बोलणं ऐकू आलं. मी हात पुसत पुढे आले तर तुझ्या वयाचा एक पोरगा खुर्चीवर अवघडून बसलेला, मांडीवर रेक्झिनची बॅग. माय म्हणाली, "बेबे, देवाचा दोस्त हाय. जालन्याहून उन्हातान्हाचा आलाय. भाकर वाढ त्याला." त्या पोरानं माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मी ज्वारीची भाकर, शेपूची भाजी आणि ठेचा वाढला. माय एकेक विचारत होती. कोण्या गावचा? हसनाबादचा. नाव काय? कडूबा. घरी कोण कोण हाय? माय नाही म्हणाला, लहानपणीच गेली. ह्यावर मायनं मला त्याच्या ताटात तिसरी भाकर टाकायला लावली. मंग तिनं विचारलं, "देवा बरा हाय ना रे? वाळला तर न्हाई?" तो खाली मान घालून जेवत होता. म्हणाला, "बरा आहे, आई. कामात राह्यतो." निघताना मायनं त्याच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी दिली, देवाला दे म्हणून.

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. मोटारसायकलपाशी तो थांबला.

"ताई, मी दोस्त-बिस्त न्हाई त्याचा. वसुलीला आल्तो."

म्हटलं, कसली वसुली?

"त्याची दोन कार्डं थकलेली हायेत. आमाला वरून सांगतेत, घरी जा, दारात उभं राहून मोठ्यानं बोला, गल्लीला ऐकू द्या. त्यासाठीच आल्तो मी. पण आता काय बोलू? मीठ खाल्लं तुमचं." आणि ती लाडवांची पिशवी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, राहू द्या. तुम्हाला कुठे सापडला तर त्याला द्या.

"सापडलाय ना, ताई. हडपसरला राह्यतो, एका गोडावनात काम करून राह्यलाय. पुण्याची आमची माणसं दोनदा जाऊन आलीत." मग म्हणाला, "तुमाला पत्ता न्हाई माहीत?"

देवा, त्या एका प्रश्नानं मला जी लाज वाटली ना! सख्ख्या भावाचा पत्ता मी वसुलीवाल्याकडून लिहून घेतला.

मी त्याला विचारलं, एवढे पैसे उडवले तरी कशात ह्यानं? दारू? जुगार? कडूबा मान हलवत राहिला. "हजार खाती बघितलीत मी, ताई. कपडे, मोबाइल, हॉटेलं, सगळं दिसतं त्याच्यात. ह्याच्या खात्यात काहीच न्हाई. जानेवारीपासून दर महिन्याला दोन हजार नगद काढलेत, बस. वरती व्याज, दंड. मंग पहिल्या कार्डाची किमान रक्कम भरायला दुसऱ्या कार्डावरून नगद. दुसरं काहीच न्हाई केलं त्यानं."

दोन हजार.

दर महिन्याला मायच्या नावानं जी मनिऑर्डर येत होती ती दोन हजारांची. ती घेऊन मी पोस्टात जायची आणि मायच्या पुस्तकात भरायची. तू तिकडे महिन्याला तीन टक्क्यांनी उचलत होतास आणि आम्ही ते वर्षाला साडेतीन टक्क्यांनी पोस्टात ठेवत होतो. नोकरी जानेवारीत गेली ना तुझी? मला जी शिकवण दिलीस, नगद काढू नको, किमान रकमेकडे बघू नको, ती स्वतः मोडलीस ती फक्त ह्यासाठी की मायला मनिऑर्डर चुकू नये. मी फाटकापाशी उभीच राहिले. कडूबा कधी गेला ते कळलंही नाही.

मायला हे कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी मेथी निवडत बसलो होतो, आणि एकदम ती म्हणाली, "बेबे, तो वसुलीचा माणूस होता ना?"

मी म्हटलं, तुला काय माहीत?

"दारात उभा राहून म्हणतो, देवानंद किसन खरात इथंच राह्यतेत का. दोस्त असता तर देवा म्हणला असता. पूर्ण नाव एक शाळेत घेतेत, न्हाईतर कोर्टात."

"मग तू त्याला जेवायला काहून बसवलं?"

ती काड्या बाजूला काढत राहिली. "तो इथून माह्या लेकाकडं जाणार होता. उपाशी माणूस कडक बोलतो."

तेव्हा देवा, ज्या गोष्टीला भिऊन तू पत्ता लपवलास ती होऊन गेली आहे. मायला माहीत आहे. सगळं नाही, पण पुरेसं. ती रडली नाही. तिनं मला पोस्टाचं पुस्तक काढायला लावलं आणि माझ्या हातात दिलं. "ज्याचे त्याला दे. लग्नाचं पुढं बघू."

आता माझं ऐक. हे मी मोठी बहीण म्हणून सांगत नाही, तुझी शिकाऊ म्हणून सांगते. एक कार्ड भरायला दुसरं कार्ड घेणं आजपासून बंद. कोणाकडून टक्क्यांनी आणायचं नाही. पत्त्यासोबत कडूबाचा नंबरही मी लिहून घेतला होता, त्यावर फोन केला. तो म्हणतो, कार्डवाल्यांच्या औरंगाबादच्या ऑफिसात स्वतः या, नोकरी गेल्याचं खरं सांगा, दंड-व्याजातलं बरंच सोडतात. पण जे ठरेल ते कंपनीच्या कागदावर लेखी घ्या, तोंडी कोणाचं ऐकू नका, माझंसुद्धा. पोस्टातले पैसे आहेत, वर जे लागतील ते दाजी बघतो म्हणालेत. ते आधी तासभर तुझ्या नावानं ओरडले, मग विचारलं, पोराला यायला भाडं आहे का? मागच्या पानात दोनशे रुपये ठेवलेत. पाकिटात पैसे घालू नयेत हे मला कळतं, पण तुझा पत्ता परत बदलायच्या आत ते पोचायला हवेत.

बारा तारखेला दसरा आहे, आपला धम्मदिन. विहारात माय ह्या वर्षी खुर्चीवर बसून येणार आहे. तिची खुर्ची उचलायला एका बाजूनं दाजी आहेत. दुसरी बाजू मी कोणाला सांगितलेली नाही.

तुझी,
बेबीताई


हडपसर, पुणे
२ ऑक्टोबर २००५

ती. ताईस,

जयभीम.

पत्र दोनदा वाचायला घेतलं आणि दोनदा ठेवलं. तिसऱ्यांदा पूर्ण वाचलं. त्या कडूबानं लाडू पाठवलेत, पुण्याच्या माणसाच्या हातानं. तो माणूस दारात आला तेव्हा मी मागच्या भिंतीवरून उडी मारायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, अरे थांब, तुझ्या आईनं काहीतरी दिलंय.

नोकरी जानेवारीतच गेली. टारगेट होत नव्हतं. फोनवर लोकांना मी नगदीचं व्याज सांगून टाकायचो, मग ते कार्ड घेत नव्हते. साहेब म्हणाला, तुला विचारत न्हाईत ते सांगतोस कशाला? मला वाटलं महिन्याभरात दुसरीकडं लागेन. तोवर मायची मनिऑर्डर चुकायला नको. पहिल्यांदा काढले तेव्हा खरंच वाटलं होतं, एकदाच. पुढच्या महिन्यात भरून टाकू. ताई, मी हेच वाक्य फोनवर शेकडो लोकांकडून ऐकलं होतं. मला हसू यायचं त्यांचं.

ट्रेनिंग नव्हतं. मायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी शिवाजीनगरच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीत जाऊन बसलो होतो. तिकीट काढलं होतं. गाडी सुटायच्या आधी मनात आलं, दवाखान्यात पोचल्यावर चिठ्ठी कोणीतरी माझ्याच हातात देईल. घरचा पोरगा म्हणून. आणि माझ्या खिशात परतीचं भाडंसुद्धा नव्हतं. उतरलो. गाडी जाईपर्यंत खांबामागं उभा होतो. हे तुला तोंडावर सांगता आलं नसतं म्हणून इथं लिहितो.

तू ऑपरेशनचे पैसे कसे उभे केलेस ह्याचा विचार मी रोज करत होतो. सावकार केला असशील असंच वाटत होतं. ते त्या कार्डावर झालं हे वाचलं आणि गोडावनात पोत्यावर बसून रडलो. हमाल लोक विचारायला लागले, कोण वारलं? म्हटलं, कोणी न्हाई. चांगली खबर आहे.

दहा तारखेच्या रात्रीच्या गाडीनं निघतो. मालकानं पाच दिवस दिलेत, त्यातले तीन पगारी. खुर्चीची दुसरी बाजू कोणाला देऊ नको.

मायला सांग, वाळलोय थोडा. बघितल्यावर ओरडू नको म्हणावं.

तुझा,
देवा


परतूर
२० नोव्हेंबर २००५

चि. देवा,

जयभीम. तू सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा तपासणी आली आणि पंधरा दिवस त्यातच गेले.

कंपनीचं पत्र आलं. दोन्ही कार्डांची येणी संपली, असं शिक्क्यासकट लिहिलंय. मूळ पत्र मी कपाटात ठेवलं, त्याची झेरॉक्स सोबत पाठवते, जपून ठेव. त्यांच्या माणसानं सांगितलं तसं काही वर्षं तुला कोणी कार्ड देणार नाही, कर्जही मिळायला जड जाईल, कारण तडजोड केल्याची नोंद राहते. ते सोसायचं. त्या दिवशी औरंगाबादच्या ऑफिसात त्या बाईसमोर तू न अडखळता सगळं सांगितलंस, महिना-महिना, कशासाठी काढले तेसुद्धा. मी बाजूच्या खुर्चीवर बसून तुझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मला तुझा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, बी.ए. झालास तेव्हासुद्धा नाही. तिथे बोलले नाही, आता लिहिते.

येताना बसमध्ये तू म्हणालास, ताई, तुझंही कार्ड कापून टाक. त्यावर विचार केला. नाही कापणार. वर्षातून एकदा-दोनदाच वापरते, ज्याचे पैसे येणार हे नक्की आहे तेवढंच, आणि बिल येईल त्या दिवशी पूर्ण भरून मोकळी होते. त्या कार्डानं मला अडचणीत सव्वा महिना हात दिला, मी त्याला घरात का ठेवू नये? तुझं चुकलं ते नोकरी गेल्याचं आम्हाला न सांगण्यात चुकलं. आमचंही चुकलं. मनिऑर्डर आली की आम्ही तुझी खुशाली समजत होतो, वेगळी कधी विचारली नाही.

म्हणून घरात ठरलंय, दाजींनी आणि मायनं मिळून: मार्चपर्यंत तू एक रुपया पाठवायचा नाही. खोलीचं भाडं दे, दोन वेळ जेव, एक स्वेटर घे. उरलं तर तुझ्याच नावानं पोस्टात खातं उघड. दाजी म्हणतात त्यांनी वरून घातलेले पैसे ते तुझ्याकडून वसूल करणार आहेत, पण व्याज लावणार नाहीत, आणि तारीखही सांगणार नाहीत. त्यांना स्वतःच्या विनोदावर हसताना तू बघितलंच आहेस.

कडूबाचा फोन आला होता. वसुलीचं काम त्यानं सोडलं. हसनाबादला मोबाइल रिचार्जचं दुकान टाकतोय. मायची चौकशी करत होता.

माय काठीवर आली. काल पहिल्यांदा ओट्यापर्यंत एकटी गेली आणि उन्हात बसली. शेजारच्या केशरबाई आल्या. तुला दसऱ्याला बघितल्यापासून विचारायचं त्यांच्या मनात होतंच. मी आत चहा ठेवत होते, सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "चांगुणाबाई, देवा पुण्याला मोठ्या कंपनीत साहेब झाला म्हणतेत, खरं का?"

मी चहाचं पातेलं तसंच धरून थांबले. दोन वर्षं मायनं गल्लीत हेच सांगितलं होतं, तुझ्या कंपनीचं नाव चुकीचं का होईना, पण अभिमानानं. आता ती काय म्हणेल ह्याची मला धास्ती वाटली. खोटं बोलली तर तुझं ओझं परत वाढणार, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

माय म्हणाली, "साहेब न्हाई, बाई. गोडावनात काम करून राह्यलाय. पोती मोजतो, वेळ पडली तर उचलतो. पण घरी येतो."

मग मी चहा घेऊन बाहेर गेले, आणि आम्ही तिघी उन्हात बसून प्यायलो.

पूर्वी मी प्रत्येक पत्राच्या शेवटी 'सवडीनं ये' असं लिहायची. आता लिहीत नाही.

तुझी,
बेबीताई